धावड्याच्या डिंकाची रचना: एनएमआरला नमुना देण्याआधी

तुमचा प्रश्न मी असा समजले. बाजारातून धावड्याचा डिंक आणला, पाण्यात विरघळवून गाळला, इथेनॉल घालून साका पाडला. आम्लानं हायड्रोलिसिस करून (म्हणजे शर्करा सुट्या करून) टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, केली, तर अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोजचे ठसठशीत ठिपके आले, मॅनोजचा अगदी पुसट, आणि तळरेषेच्या जरा वर एक डाग आला जो कुठल्याच प्रमाणित शर्करेशी जुळत नाही. एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) झालंय. प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनादाच्या वर्णपटात) नुसते रुंद उंचवटे दिसतात. सरांनी ‘रिपीटिंग युनिट (साखळीत पुन्हापुन्हा येणारा तुकडा) काढून दे’ म्हटलंय, आणि तुम्ही विचारताय की कोणता द्विमितीय एनएमआर केला म्हणजे रचना हाती लागेल.

मी इथे बडोद्यातच इसबगोल, गवार आणि झाडांच्या डिंकांच्या विश्लेषणात बरीच वर्षं काम करते. माझ्या मते तुमची अडचण एनएमआरची नाहीच. हातात आहे तो एक पदार्थ आहे की मिश्रण, त्यात कोणत्या शर्करा किती आहेत, आणि त्या एकमेकींना कोणकोणत्या कार्बनवर जोडल्या आहेत, हे ठरल्याशिवाय एनएमआरचा कोणताही प्रयोग उत्तर देणार नाही. शिवाय एक गोष्ट सरांशी बोलून घ्यावी लागेल: झाडाच्या डिंकाला रिपीटिंग युनिट असेलच असं गृहीत धरता येत नाही.

त्यापासूनच सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रथिनाची साखळी जनुकातल्या क्रमाप्रमाणे विणली जाते. बहुशर्करेला, म्हणजे डिंकासारख्या शर्करांच्या लांब साखळीला, तसा साचा नसतो. एन्झाइमं एकेक शर्करा जोडत जातात, आणि कुठे फांदी फुटली, कुठे नाही, हे रेणूगणिक बदलतं. त्यात जोडण्याच्या शक्यताही अफाट. डी-ग्लुकोपायरॅनोजच्या फक्त दोन रेणूंची जोडी घेतली तरी ती ११ प्रकारे जुळते: एकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या २, ३, ४ किंवा ६ वर, प्रत्येक वेळी अल्फा किंवा बीटा (बंधाच्या दोन दिशा), म्हणजे ८, आणि दोन्ही पहिले कार्बनच जोडले तर आणखी ३. रॉजर लेन यांनी १९९४ मध्ये सहा शर्करांच्या तुकड्यासाठी असाच हिशेब केला, तेव्हा शक्य रचनांचा आकडा एक लाख कोटींच्या वर गेला. इथल्या कमाटीबागेतल्या दोन कडुनिंबांच्या फांद्या कधी सारख्या नसतात, तरी कडुनिंब ओळखता येतो. डिंकाच्या रेणूंचं तसंच आहे.

रिपीटिंग युनिट ही कल्पना चुकीची आहे असं मुळीच नाही. झॅन्थन या जिवाणूपासून मिळणाऱ्या डिंकात ती खरी आहे, कारण तो जिवाणू पाच शर्करांचा तुकडा आधी लिपिड वाहकावर पूर्ण तयार करतो आणि मग असे तुकडे एकापुढे एक जोडत जातो. जिवाणूंच्या बऱ्याच कॅप्सूल (पेशीभोवतीच्या आवरणातल्या) बहुशर्करा अशाच बनतात. झाडाच्या डिंकात तसं काही होत नाही. तिथे आपण जे मांडतो ते सरासरी चित्र असतं: मुख्य साखळी कशाची, फांद्या कुठे, टोकांना काय, आणि कोणती जोडणी किती टक्के.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर) तुमच्या विभागात आहे की बाहेर पैसे भरून करावं लागतं, एनएमआर ४०० मेगाहर्ट्झचा आहे की ६०० चा, नमुना किती ग्रॅम आहे, आणि हे काम रचनेसाठीच आहे की औषधाच्या गोळीत बाइंडर म्हणून डिंक वापरायचा आहे, यावर बेत बदलतो. बाइंडरसाठी शर्करांचं प्रमाण, युरोनिक आम्ल (आम्लगट असलेली शर्करा), रेणुभार आणि स्निग्धता एवढं पुरतं. प्रबंधाच्या नावातच ‘रचना’ असेल तर मात्र पुढचं सगळं करावं लागेल. मी तेच धरून लिहिते.

पहिली शंका नमुन्याचीच. बाजारात धावडा, बाभूळ, गांडो बावळ (वेडी बाभूळ) यांचे डिंक रंगावर आणि भावावर निवडून विकले जातात. लाडवासाठी ते चालतं, प्रबंधासाठी नाही. शक्य असेल तर छोटा उदेपूर किंवा पंचमहालाच्या पट्ट्यात झाड बघून, त्याच झाडाचा डिंक गोळा करा, पानाफुलांची फांदी सोबत आणा आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या हर्बेरियममध्ये ओळख पटवून घ्या. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात. धावड्याच्या डिंकाचा काही भाग पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. तो तुम्ही गाळून टाकला असेल. टाकलात तरी हरकत नाही, पण त्याचं वजन नोंदवा आणि ‘विरघळणाऱ्या भागाची रचना’ असंच लिहा.

शुद्धतेबद्दल. इथेनॉलचा साका म्हणजे शुद्धीकरण नव्हे. स्टार्च, प्रथिनं, रंगद्रव्यं सगळी त्यासोबत खाली बसतात. आयोडिनचा थेंब टाकून स्टार्च बघा. मग डायलिसिस करून डीईएई या ऋणभारी रेणू पकडणाऱ्या स्तंभावर चढवा, सोडियम क्लोराइडचा चढता ग्रेडियंट द्या, आणि प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये फिनॉल-सल्फ्युरिकनं ४९० नॅनोमीटरला एकूण शर्करा, मेटा-हायड्रॉक्सीडायफिनाइलनं ५२० ला युरोनिक आम्ल आणि २८० ला प्रथिन मोजा. एकच शिखर दिसलं म्हणून खूश होऊ नका. शिखराच्या चढणीवर, माथ्यावर आणि उतारावर युरोनिक आणि एकूण शर्करेचं गुणोत्तर काढा. ते तिन्ही ठिकाणी सारखं असेल तर एका कुटुंबातले रेणू आहेत असं म्हणता येईल. बदलत गेलं तर दोन पदार्थ एकमेकांत मिसळलेत. हे मी आग्रहानं सांगते, कारण पुढचे सहा महिने याच तपासणीवर उभे राहतात. प्रथिन थोडं उरलं तर सेव्हॅग पद्धतीनं ते पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. डिंकांत काही प्रथिन बहुशर्करेला सहसंयुज बंधानं जोडलेलं असू शकतं, ते क्लोरोफॉर्म-ब्यूटेनॉलनं निघणारही नाही.

आता तुमच्या त्या अनोळखी डागाकडे येऊ. मला तुमच्या सगळ्या माहितीत तोच सगळ्यात मोलाचा वाटला. शर्करा-रसायनज्ञ जी. ओ. ॲस्पिनॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात या डिंकावर पायाभूत काम केलं. त्यानुसार त्यात एल-अरॅबिनोज, डी-गॅलॅक्टोज, डी-मॅनोज, डी-झायलोज आणि डी-ग्लुकुरोनिक आम्ल साधारण १०:६:२:१:२ या प्रमाणात असतात. म्हणजे मॅनोज पुसट दिसायला नको, झायलोजच्या दुप्पट दिसायला हवं. मग ते गेलं कुठे? ते त्या डागात आहे. या डिंकात ग्लुकुरोनिक आम्ल मॅनोजच्या दुसऱ्या कार्बनवर बीटा बंधानं जोडलेलं असतं, आणि युरोनिक आम्लाचा ग्लायकोसिडिक बंध कार्बॉक्सिल गटामुळे आम्लाला दाद देत नाही. बाकीचे बंध तुटतात, ही जोडी तशीच राहते. तिला अल्डोबायुरोनिक आम्ल म्हणतात. ती टीएलसीवर फार वर चढत नाही, आणि तिच्यात अडकलेलं मॅनोज तुमच्या मोजणीतून वजा होतं. गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवर ग्लुकुरोनिक आम्ल असलेली दुसरी जोडीही या डिंकातून मिळते, तेव्हा तो डाग दोघींचा मिळूनही असू शकेल.

यावर आम्ल वाढवणं किंवा जास्त वेळ उकळणं हा उपाय नाही. तेवढ्यात अरॅबिनोजचं फरफ्यूरल होऊन जाईल आणि एक आकडा सुधारताना दुसरा बिघडेल. डाग काय आहे हे आधी सिद्ध करा: हायड्रोलिसेट ॲनायन-एक्सचेंज रेझिनमधून जाऊ द्या. उदासीन शर्करा सरळ निघून जातील, आम्लधर्मी तुकडे अडकतील. ते फॉर्मिक आम्लानं उतरवा. मेथॅनॉलिक हायड्रोजन क्लोराइडनं एस्टर करून बोरोहायड्राइडनं क्षपण करा आणि मग पुन्हा हायड्रोलिसिस. ग्लुकुरोनिकच्या जागी ग्लुकोज आणि सोबत मॅनोज मिळालं की तुमच्या हातात या डिंकाच्या गाभ्याचा पहिला खरा पुरावा आला. बाजारातून आणलेला डिंक धावड्याचाच आहे का, याचं उत्तरही त्यातच थोडंफार मिळतं. बाभळीच्या जातीच्या डिंकांत मॅनोज अशा रीतीनं गाभ्यात बसलेलं नसतं.

संपूर्ण प्रमाणासाठी मूळ बहुशर्करेचंच कार्बोडायइमाइड वापरून क्षपण करा, आणि त्यासाठी सोडियम बोरोड्युटेराइड (बोरोहायड्राइडचंच, पण ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असलेलं रूप) घ्या. महाग आहे, पण सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम बसल्यामुळे मास स्पेक्ट्रममध्ये युरोनिकपासून आलेलं ग्लुकोज आणि मुळातलं ग्लुकोज वेगळं ओळखता येतं. मुळातलं ग्लुकोज दिसलं तर आनंद मानू नका, आधी शंका घ्या. स्टार्च, सेल्युलोजची डायलिसिस नळी, डेक्स्ट्रॅनचा स्तंभ, कुठूनही येऊ शकतं. हायड्रोलिसिस २ मोलर टीएफएमध्ये (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लात) १, २ आणि ४ तासांचं वेगवेगळं करा, म्हणजे कोणती शर्करा सुटते आहे आणि कोणती नष्ट होते आहे हे आलेखावर दिसेल.

एक छोटी पण राहून जाणारी गोष्ट: टीएलसी असो की साधी जीसी, डी आणि एल ही आरशातली जोडी ओळखत नाही. काइरल ब्यूटेनॉल किंवा ऑक्टेनॉलचे ग्लायकोसाइड करून जीसीवर प्रमाणित नमुन्यांशी ताडून बघा. ‘एल-अरॅबिनोज’ लिहायचं तर ते दाखवलेलं असावं.

मग मिथायलेशन. माझ्या मते झाडाच्या डिंकाच्या कामात याला पर्याय नाही. तत्त्व सोपं आहे: सगळे मोकळे हायड्रॉक्सिल मिथाइलनं झाकायचे, मग बहुशर्करा तोडायची, जिथे बंध होता तिथे मिथाइल नसतं. १९८४ ची चुकानू आणि केरेक यांची पद्धत, म्हणजे डीएमएसओ या द्रावकात बारीक कुटलेलं सोडियम हायड्रॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड, विद्यार्थ्यांना सहज जमते. मिथाइल आयोडाइड विषारी आहे, काम फ्यूम हूडमध्येच. तुमच्या डिंकात युरोनिक आम्ल असल्यामुळे आधी क्षपण केलेलाच नमुना घ्या, नाहीतर अल्कलीत बीटा-एलिमिनेशन होऊन साखळ्या तुटतील आणि खोटी टोकं दिसतील. नमुना फॉस्फरस पेंटॉक्साइडवर नीट वाळवा. डीएमएसओत विरघळत नसेल तर घाई करू नका, रात्रभर ढवळत ठेवा. झाल्यावर आयआर काढा. ३४०० च्या आसपासचा पट्टा गेलेला नसेल तर पुन्हा मिथायलेशन करा. तुम्ही काढलेल्या एफटीआयआरचा खरा उपयोग इथे आहे. जोडण्या त्यातून कळत नाहीत, पण मिथायलेशन अपुरं राहिलं की लगेच कळतं.

जीसी-एमएसचा निकाल आला की आधी हिशेब जुळवा. फांदी फुटलेल्या बिंदूंची संख्या आणि टोकांची संख्या जवळपास सारखी यायला हवी, कारण प्रत्येक फांदीला एक टोक असतं. समजा टोकं ३० टक्के आणि फांद्या ४५ आल्या, तर तुमचा डिंक अतिफांदीदार नाही. मिथायलेशन अर्धवट झालंय आणि न झाकलेले हायड्रॉक्सिल फांद्या म्हणून मोजले गेलेत. हा हिशेब न दाखवता टक्केवारीचा तक्ता छापलेले लेख बरेच दिसतात. असा तक्ता मी तरी गंभीरपणे वाचत नाही.

दोन ठिकाणी मिथायलेशनही पुरं पडत नाही, ती लक्षात ठेवा. एक, दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर जोडलेलं झायलोज. त्यांपासून (बहुशर्करा तोडून, क्षपण करून) जीसीसाठी बनवलेले ॲसिटेट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. पहिल्या कार्बनवर ड्युटेरियम नसेल तर मास स्पेक्ट्रम दोघांचा एकच येतो. म्हणून तिथेही बोरोड्युटेराइडच. दोन, चौथ्या कार्बनवर जोडलेलं सहाकडी (सहा अणूंच्या कड्याचं) अरॅबिनोज आणि पाचव्यावर जोडलेलं पाचकडी अरॅबिनोज एकच पदार्थ देतात. त्यांच्यातला फरक एनएमआरच सांगेल.

इथपर्यंत आलात की कोणत्या शर्करा, किती, डी की एल, आणि कोणत्या कार्बनवर जोडलेल्या, एवढं तुमच्याकडे असेल. राहिलं अल्फा-बीटा, आणि कोणाच्या शेजारी कोण. एनएमआरची पाळी आता.

तुमच्या स्पेक्ट्रममधले उंचवटे यंत्राचा दोष नाहीत. मोठा, जाड रेणू हळू फिरतो, सिग्नल लवकर मरतो, रेषा पसरतात. मूळ डिंकावर एचएसक्यूसी (कार्बन आणि त्यावरच्याच प्रोटॉनची जोडी दाखवणारा द्विमितीय प्रयोग) बहुधा निघेल, पण एचएमबीसी (दोन-तीन बंध पलीकडचे संबंध दाखवणारा प्रयोग), ज्यावर तुमची सगळी भिस्त आहे, ती रिकामी येण्याची शक्यता जास्त. म्हणून रेणू लहान करा. पाचकडी अरॅबिनोज सौम्य आम्लात सगळ्यांत आधी निघतं. अरॅबिनोजच्या फांद्या उतरवलेला डिंक डायलिसिसनं वेगळा करा, त्याचं मिथायलेशन पुन्हा करा, आणि मूळ निकालाशेजारी ठेवून बघा. गॅलॅक्टोजच्या ज्या जागेवरचा बंध गेला आणि मिथाइल आलं, तिथे अरॅबिनोज होतं. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्यात आलेले छोटे तुकडेही फेकू नका. ईएसआय किंवा माल्डी मास स्पेक्ट्रममध्ये तेच शेजार सांगतात.

जड पाण्यात दोन-तीनदा लायोफिलाइज करून (गोठवून वाळवून) मग स्पेक्ट्रम घ्या, आणि दोन तापमानांना घ्या. तापमान वाढलं की रेषा बारीक होतात, पण ४.७ पीपीएमच्या आसपासचा पाण्याचा सिग्नल डावीकडून उजवीकडे सरकत बीटा-गॅलॅक्टोजच्या ४.४–४.५ च्या जागेवर येऊन बसू शकतो. प्रोटॉनमध्ये ५.१ ते ५.४ च्या पट्ट्यात पाचकडी अल्फा-अरॅबिनोज आणि अल्फा-मॅनोज एकमेकांवर चढलेले असतील. एचएसक्यूसीत ते फटकन सुटतात: अरॅबिनोजचा पहिला कार्बन १०७ ते ११० ला, मॅनोजचा १०० च्या आसपास, बीटा-गॅलॅक्टोजचा १०३–१०४ ला. मॅनोजच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. गॅलॅक्टोजमध्ये पहिल्या-दुसऱ्या प्रोटॉनचं कपलिंग (रेषा दुभंगण्याचं अंतर) ३–४ हर्ट्झ असेल तर अल्फा, ७–८ असेल तर बीटा. मॅनोजमध्ये दोन्हींत ते लहानच असतं. तिथे कार्बन-प्रोटॉन कपलिंग मोजा. १७० हर्ट्झच्या जवळ अल्फा, १६० च्या जवळ बीटा.

मुख्य साखळीसाठी सीएच-टू गट उलटे दाखवणारी एचएसक्यूसी मागा. गॅलॅक्टोजचा सहावा कार्बन मोकळा असेल तर ६२ च्या आसपास, जोडलेला असेल तर ७० च्या आसपास. धावड्यात १→६ जोडलेल्या गॅलॅक्टोजच्या साखळ्या असल्यानं ७० चा ठिपका ठळक यायला हवा. याला दुसरा, जुन्या काळचा पण भक्कम आधार म्हणजे पेरिआयोडेट आणि स्मिथ डिग्रेडेशन. १→६ जोडलेल्या गॅलॅक्टोजमध्ये शेजारी-शेजारी मोकळे हायड्रॉक्सिल असतात, ते कापले जातात. १→३ जोडलेलं वाचतं. अरबी डिंकात १→३ ची मुख्य साखळी टिकून राहते, धावड्यात गॅलॅक्टोजचा मोठा भाग जायला हवा. एनएमआर आणि पेरिआयोडेट एकच गोष्ट सांगत असतील तर परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहत नाही. एनओईएसवाय या द्विमितीय प्रयोगावर मात्र एकट्यावर विसंबू नका. अवकाशात जवळ असणं म्हणजे बंध असणं नव्हे.

रेणुभार पुल्युलन किंवा डेक्स्ट्रॅनच्या मानकांवर काढलात तर तो ‘सापेक्ष’ म्हणूनच लिहा. फांद्यांनी गच्च झालेला रेणू आकारानं आटोपशीर असतो आणि स्तंभावर प्रत्यक्षापेक्षा हलका भासतो. प्रकाश विकिरणाचा डिटेक्टर असेल तिथे नमुना पाठवा.

सरांशी बोलताना ‘रिपीटिंग युनिट मिळणार नाही’ असं नुसतं म्हणू नका. त्याऐवजी तीन चित्रं दाखवा: एकावर ग्लुकुरोनिक-मॅनोजचा गाभा, दुसऱ्यावर १→६ गॅलॅक्टोजची साखळी, तिसऱ्यावर अरॅबिनोजच्या फांद्या, प्रत्येक बंधापाशी तो कोणत्या प्रयोगानं सिद्ध झाला हे लिहा, आणि जिथे क्रम सिद्ध झालेला नाही तिथे तुटक रेघ काढा. अशी आकृती बहुतेक मार्गदर्शकांना पटते, कारण ती परीक्षकासमोर टिकते.

सुरुवात डीईएईच्या फ्रॅक्शनपासून आणि त्या डागापासून करा. मिथायलेशनचा निकाल आल्यावर जीसीचा क्रोमॅटोग्राम, टोकं-फांद्यांचा हिशेब आणि मिथायलेशन झालेल्या नमुन्याचा आयआर इथेच टाका. ते तिन्ही सोबत असतील तर पुढचं नेमकं सांगता येईल.